न वाकलेली श्रद्धा : पंडिता रमाबाई

हैदराबाद, वाडी, कलबुर्गी, सोलापूर असा मुलूख मागे टाकीत पुण्याकडे निघालेली आगगाडी दौंड सोडते, आणि थोड्याच वेळात केडगाव नावाचे एक साधेसे स्थानक खिडकीतून मागे सरकते. लांब पल्ल्याच्या प्रवाशाचे त्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते. पुणे जवळ आले म्हणून तोवर वळकट्या बांधण्याची घाई सुरू झालेली असते. आम्हीही या मार्गाने कित्येकदा गेलो आणि कित्येकदा केडगाव न पाहताच पुढे गेलो. परंतु या स्थानकापासून जवळच मराठी भाषेतील एका विलक्षण आयुष्याचा शेवटचा आणि सर्वांत कष्टाचा अध्याय लिहिला गेला, हे एकदा कळल्यावर मात्र तेथून मुकाट्याने पुढे जाणे आम्हांस जमत नाही.

ते आयुष्य पंडिता रमाबाईंचे. त्यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि माणूस ठाऊक असणे निराळे. कोणी त्यांना स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून वंदन करतात, कोणी धर्मांतर केले म्हणून आजही नाक मुरडतात. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे, की एकामागून एक दार मिटत असता ही बाई चालत राहिली ती कशाच्या बळावर, आणि ज्या ख्रिस्ती श्रद्धेचा तिने आधार घेतला त्या श्रद्धेने तिला नेमके काय दिले.

परमुलखातले मराठी घर

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा वाचकांना या चरित्रातील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या दाट अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. तरुणपणी पुण्यास शिकत असता पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीला संस्कृत शिकविले जात असलेले त्यांनी पाहिले, आणि आपल्याही पत्नीला देववाणी शिकवावी असे त्यांच्या मनाने घेतले. घरच्यांचा आणि गावचा विरोध इतका, की अखेर त्यांनी रान गाठले आणि तेथे आश्रम वसवून पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले. पुढे त्याच लक्ष्मीबाई रमेच्या गुरू झाल्या.

मूल अगदी लहान असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले आणि मग स्थिर असे घर त्यांना कधी लाभलेच नाही. तीर्थोतीर्थी पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा तो संसार होता. भोवती कधी कानडी, कधी तेलुगू, कधी हिंदी. परंतु आईबापांनी घरातली मराठी जपली, शुद्ध बोलण्याकडे लक्ष दिले. आई मराठी पुस्तके व वृत्तपत्रे वाची, ती मुलीच्या कानांवर पडत. पुढे जिने मराठी गद्यात मोलाची भर घातली, तिचे मराठी असे चालत्या बिऱ्हाडात, परमुलखात घडले. सोळाव्या वर्षाच्या आत भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्या मुखोद्गत होते.

वाळूतली रात्र

१८७४ नंतरच्या वर्षांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना आणि भिक्षा घालण्याची ऐपतही कोणाची उरली नाही. जवळचा पैसा संपला, भांडी गेली, वस्त्रे गेली. मजुरी करावी तर ब्राह्मण्य आड येई आणि शरीरही सवयीचे नव्हते. डोळ्यांनी अंध झालेले वृद्ध वडील प्रथम गेले. जाताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन आयुष्यभर देवाची सेवा करीत राहा, असा उपदेश केला. पाठोपाठ आई गेली. तिरडीला खांदा देण्यास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. ती उंचीने एवढी लहान, की खांद्यापर्यंत भार पोहोचेना. तिने आईच्या तिरडीचा आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि श्मशान गाठले. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

उरली भावंडे दोन. ती दोघे अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल चालत उत्तरेकडे गेली. मूठभर धान्य भिजवून, मिठाच्या खड्याबरोबर खाऊन दिवस काढावा, अशी स्थिती. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली. अंगावर पांघरूण नाही, आसरा नाही. तेव्हा या दोघांनी नदीकाठी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, डोकी तेवढी बाहेर ठेविली, आणि रात्र काढली.

हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविला आहे. आम्ही तो प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसावे लागले. वीस वर्षांच्या आतबाहेरची ती मुलगी जिवंतपणीच जणू थडग्यात उतरली होती. त्यातून ती बाहेर आली, परंतु लहानपणापासूनची श्रद्धा मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. सारी व्रते केली, सारे दान दिले, सारी तीर्थे पाहिली. मग हे का, हा प्रश्न तिने मनातून कधी पुसू दिला नाही. श्रद्धा आणि प्रश्न एकत्र नांदू शकत नाहीत, असे आपण समजतो. रमाबाईंच्या बाबतीत ती दोन्ही अखेरपर्यंत एकाच घरात राहिली.

पदव्या, संसार आणि पुन्हा रिकामी ओंजळ

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचावयास दिले, तेव्हा स्त्रीने वेद वाचू नयेत असे शिकलेली ती प्रथम चमकली, आणि मग वाचू लागली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, भाषा निराळी. दोन्हीकडून बहिष्कार आला. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुरू झाला. तेथेच पतीच्या पुस्तकांत बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत तिच्या हाती लागली. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेला.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही. अशा स्थितीत ती पुण्यास आली. रानडे, भांडारकर आदी सुधारकांनी तिचे स्वागत केले. ‘आर्य महिला समाज’ स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना तिने हिंदुस्थानास स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य हवेत असे आग्रहाने सांगितले. दुसऱ्यांस सांगितले ते स्वतः करावे, ही तिची वृत्ती. वैद्यक शिकण्यासाठी १८८३ मध्ये पुस्तकाच्या उत्पन्नावर ती इंग्लंडला निघाली आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरली.

विहिरीजवळची बाई

समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे एक गृह चालवीत. तेथे रमाबाईंनी पाहिले की, ज्यांची सावलीही कोणी घेतली नसती अशा बायकांना या भगिनी मायेने सांभाळीत आहेत. हिंदू समाजात अशा स्त्रीला परत उभे राहण्यास जागाच नाही, हे त्यांना ठाऊक होते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील ती कथा वाचून दाखविली, जीत येशू विहिरीजवळ एका शोमरोनी बाईशी बोलतो. पाच नवरे झालेली, परजातीची, दुपारच्या उन्हात एकटीच पाण्याला आलेली ती बाई. तिच्याकडे तो पाणी मागतो, आणि आपणच ख्रिस्त असल्याचे तिला सांगतो. रमाबाईंच्या मनाला जे पटले ते येथे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने पुण्यात वादळ उठले. पण त्याहून जवळचे दुःख वाँटेजमध्येच वाट्याला आले होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे दुर्दैवी अंत झाला आणि त्या धक्क्याने रमाबाई हादरून गेल्या. आणखी एक दारही मिटले. कानांचा दोष वाढत चालला होता. ऐकू येत नाही त्याला वैद्यकाचा अभ्यास कसा झेपणार? ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले. मग चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या, आणि वैद्यकाऐवजी शिक्षण हेच आपले काम असे त्यांनी ठरविले. श्रद्धा म्हणजे अडचण दूर होणे, असे मानणाऱ्याने या प्रसंगाकडे नीट पाहावे. त्यांचे कान बरे झाले नाहीत. उलट पुढे बहिरेपण वाढतच गेले. बदलली ती फक्त चालण्याची दिशा.

स्वजनांपुढेही, धर्मगुरूंपुढेही

बाप्तिस्मा घेतला म्हणून आपली विवेकबुद्धी मात्र त्यांनी कोणाच्या ओटीत घातली नाही. पुरुषांना शिकविण्याची त्यांना परवानगी द्यावी की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी तो मानला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमची संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. त्यांच्या धर्ममातेची आणि त्यांची पत्रे छापून निघाली आहेत. त्यांत प्रेम आहे आणि खडाजंगीही आहे. आज्ञाधारकपणाची अपेक्षा करणाऱ्यांना त्या सांगत, की माझी श्रद्धा देवावर आहे, आणि ती ठेवण्यासाठी मी माणसांची गुलाम होण्याची गरज नाही. स्वतः रमाबाईंनीच पुढे लिहिले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपण धर्म स्वीकारला होता. ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला सापडला तो आठ वर्षांनी, १८९१ मध्ये. एवढी प्रांजळ कबुली फार थोडे देतात.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि ठिकठिकाणी व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही तरुण विधवा होती. हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. कोणाच्या धर्मात हात घालणार नाही, असे वचन होते. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, आणि मुली तेथे जाऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

येथे आम्ही रमाबाईंची निव्वळ वकिली करणार नाही. पालकांनी विश्वासाने मुली ठेविल्या होत्या आणि त्यांना दुखावल्यासारखे वाटले, हे समजण्याजोगे आहे. परंतु दुसरी बाजूही तेवढीच खरी, की ज्या समाजाने या मुलींना केस काढून कोपऱ्यात बसविले होते त्याला त्यांच्या आत्म्याची आठवण त्या मोकळ्या हसू-बोलू लागल्यावर झाली. रमाबाईंनी दार बंद केले नाही, आणि सदनही बंद केले नाही.

केडगावचे माळरान

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळून निघाला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आपली वाळूतली रात्र आठवली असेल काय? त्यांनी स्वतः जाऊन दुष्काळातील मुली आणल्या, सुमारे तीनशे. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवणे सरकारने अशक्य केले. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली, सरकारचा रोष ओढवून घेतला, आणि मुलींना घेऊन केडगावच्या माळावर आल्या. फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन तेथे होती. प्रथम तंबू आणि झोपड्या. मग विहिरी, इमारती, प्रार्थनामंदिर. या वसतीचे नाव ‘मुक्ती’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. अंधांचीही सोय झाली आणि मनोरमेने त्यांना ब्रेल लिपी शिकविली. माग, घाणा, गोठा, शेती, छापखाना, सारे स्त्रिया चालवीत. याच मनोरमेने पुढे तेव्हाच्या निजामी मुलखात, गुलबर्गा येथे, मुलींची शाळा काढली. कलबुर्गीकडच्या आमच्या वाचकांस हे स्मरण अभिमानाचे वाटावे.

अखेरची मुद्रिते

एवढा व्याप चालविणारी स्त्री आणखी काय करील? रमाबाईंनी १९०५ च्या आसपास संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. बायबलाची मराठी भाषांतरे होती. परंतु दुष्काळातून आलेल्या, नुकते अक्षर ओळखू लागलेल्या मुलींना ती जड जात. संस्कृतात ज्यांची जन्मभर गती, त्या पंडितेने ठरविले की हे मराठी साधे हवे, खेड्यातल्या बाईला उलगडेल असे हवे. त्यासाठी पन्नाशीच्या जवळ आलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. जुळारी स्त्रिया, मुद्रणाचे काम करणाऱ्या स्त्रिया, बांधणी करणाऱ्या स्त्रिया. ज्या हातांना कालपर्यंत भिक्षेची सवय होती ते हात आता खिळे जुळवू लागले. १९१३ मध्ये नवा करार छापून झाला. कान आता जवळजवळ गेलेच होते. जगाचा आवाज जसजसा कमी झाला तसतशा त्या पानांत अधिक खोल उतरल्या.

आणि मग सर्वांत मोठा घाव बसला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिला कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या होत्या, जी त्यांचे कान झाली होती, जिच्या हाती सारे सोपवायचे होते ती लेक आईच्या आधी गेली. चाळीस वर्षांपूर्वी वाळूत अंग पुरून घेणाऱ्या मुलीला शेवटी पुन्हा एकटेच राहावे लागले. त्या टेबलाशी परत बसल्या. बायबलाची शेवटची मुद्रिते तपासावयाची होती. ती पुरी करण्याइतके दिवस मिळावेत एवढेच त्यांनी देवाजवळ मागितले, असे केडगावात सांगतात. काम झाले, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

या ग्रंथाचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्वसाधारण वापरात बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले. रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांच्या आणि केडगावच्या आदराचा विषय झाले. मग सतरा-अठरा वर्षांचा तो खटाटोप वाया गेला काय? आम्हीही या प्रश्नापाशी थांबलो होतो. परंतु तो ग्रंथ छापताना ज्या शेकडो स्त्रिया वाचावयास, जुळवावयास, कमवावयास शिकल्या, त्यांच्याकडे पाहिले की उत्तर मिळते. पुस्तक कपाटात राहिले असेल. ज्यांच्यासाठी ते केले त्या माणसे होऊन जगल्या.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्तीचे काम केडगावात आजही चालू आहे.

वाचकहो, आपापल्या घरात आपल्या देवापुढे आपण दिवा लावतो आणि संकट टळावे असे मागतो. ते मागणे माणसाचेच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु रमाबाईंचे एकही संकट टळले नाही. भूक टळली नाही, वैधव्य टळले नाही, निंदा टळली नाही, बहिरेपण टळले नाही, लेकीचे मरण टळले नाही. त्यांच्या श्रद्धेने त्यांना दिले ते एवढेच, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हातातले काम पुन्हा हाती घेण्याचे बळ. आम्हांस वाटते, मागण्यासारखे याहून मोठे फारसे काही नसावे.

पुढच्या खेपेस गाडी दौंड सोडील तेव्हा वळकटी जरा उशिरा बांधावी, आणि खिडकीतून एकदा केडगाव पाहावे.